बांधावरचा दगडी पाला आणि कारखान्यातील जखम



पुणे-नाशिक रस्त्याने भोसरी मागे टाकून मोशी, कुरुळी, चाकण या दिशेने जाऊ लागले की, दोन्ही अंगांस कारखान्यांच्या भिंती लागतात. त्या भिंतींच्या पायथ्याशी, गटाराच्या कडेला, कामगारांच्या चाळींपुढील मुरमाड मोकळ्या जागेत आणि अजून शिल्लक असलेल्या शेतांच्या बांधांवर एक खुजे, खरखरीत पानांचे तण जवळजवळ बाराही महिने फुललेले दिसते. त्याला कोणी लावत नाही, पाणी घालत नाही. तरीही महाराष्ट्रातील बहुसंख्य लोकांच्या आयुष्यातील पहिले औषध हेच असते. शाळेच्या मैदानावर गुडघा फुटलेले मूल गुरुजींकडे जाण्याआधी या झाडाकडे जाते. चार पाने खुडायची, तळहातावर चोळायची, हिरवा रस जखमेवर पिळायचा, क्षणभर झोंबू द्यायचे आणि पुन्हा खेळात सामील व्हायचे. ही कृती कोणत्याही क्रमिक पुस्तकात नाही. पण ती येत नाही असा खेड्यातला मुलगा सापडणे कठीण.

दगडी पाला, एकदांडी, कंबरमोडी अशा नावांनी हे झाड ओळखले जाते. त्यातील पहिली दोन नावे म्हणजे झाडाचे वर्णनच होय. दगडाच्या फटीत मूठभर माती असली तरी ते मूळ धरते आणि त्याच्या फुलाचा दांडा एकटाच, वीतभर किंवा त्याहून अधिक उंच वाढून टोकाला एकच फूल मिरवतो. मधली चकती पिवळी, भोवती पाचएक पांढुरक्या पाकळ्या आणि प्रत्येक पाकळीच्या टोकाला तीन दाते. पाने समोरासमोर, कडा करवतीसारख्या, अंगावर राठ केस. खोड जमिनीवर लोळत पसरते. कार्ल लिनियस या स्वीडिश शास्त्रज्ञाने 1753 साली त्याला ट्रायडॅक्स प्रोकम्बेन्स हे शास्त्रीय नाव दिले. त्यातील उत्तरपदाचा अर्थ लोळणारे असाच आहे. बियांना पिसासारखा तुरा असल्याने वाऱ्याबरोबर ते कोठेही पोहोचते. जमीन उकरली, मुरूम टाकला, इमारतीचा पाया खणला की, मोकळ्या जागेवर प्रथम ठाण मांडणाऱ्या तणांत ते असते. औद्योगिक पट्ट्यात जमीन सतत उकरली जात असल्यामुळे तेथे त्याची चंगळ व्हावी, हे साहजिकच आहे.

या झाडाविषयीची एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. ते मूळचे येथले नाही. त्याचे माहेर मेक्सिको आणि मध्य अमेरिका हे होय. तेथून ते जगाच्या उष्ण प्रदेशांत पसरले. तेव्हा दगडी पाल्याचा उपयोग आपल्या ऋषिमुनींनी सांगून ठेवला आहे, असे जे कौतुकाने म्हटले जाते, त्याला आधार नाही. सुश्रुताने व्रणांचा विचार फार विस्ताराने केला, व्रणावरील साठ उपक्रम सांगितले. परंतु जे झाड त्या काळी या भूमीत नव्हतेच, त्याचा उल्लेख त्याच्या संहितेत कसा असेल? दगडी पाल्याचे ज्ञान ग्रंथातून खाली आलेले नाही. गुराखी, शेतमजूर, पाथरवट, शाळकरी मुले यांनी दारात आलेल्या एका परक्या तणाची पारख केली, ते जखमेवर लावून पाहिले आणि गुण दिसला म्हणून एकमेकांस सांगितले. अशिक्षित म्हणून ज्यांची गणना होते, त्यांच्या निरीक्षणशक्तीचा हा पुरावा आहे आणि प्राचीनतेच्या खोट्या बिरुदापेक्षा तो अधिक मोलाचा मानावयास हवा.

आधुनिक संशोधकांनीही या झाडाकडे लक्ष दिले. 1982 साली ‘इंडियन जर्नल ऑफ मेडिकल रिसर्च’ या नियतकालिकात दगडी पाल्याचा जखम भरून येण्यावर काय परिणाम होतो, यासंबंधीचा एक शोधनिबंध प्रसिद्ध झाला आणि पुढील वर्षांत अशा प्रयोगांची मालिकाच सुरू झाली. प्रयोगशाळेतील प्राण्यांच्या जखमांवर पाल्याच्या अर्काचा अनुकूल परिणाम दिसल्याचे त्यांतून नमूद झाले. लोकांचा अनुभव अगदीच पोकळ नव्हता, एवढे यावरून म्हणता येते. परंतु त्यापुढे जाताना पाऊल जपून टाकले पाहिजे. प्रयोगशाळेतील जखम स्वच्छ हत्याराने, ठरावीक मापाची केलेली असते. तिच्यावर लावलेला अर्क मोजून, गाळून, शुद्ध करून घेतलेला असतो. निघोजे किंवा म्हाळुंगे येथील एखाद्या पत्र्याच्या शेडमध्ये हाताला झालेली जखम आणि शेडमागच्या गटारालगत खुडलेला पाला यांना तो निष्कर्ष जसाच्या तसा लागू होत नाही. आजच्या भाषणाचा विषय नेमका या दोहोंमधील अंतर हाच आहे.

हे अंतर समजून घेण्यासाठी पिंपरीइतके योग्य ठिकाण दुसरे नाही. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या साहाय्याने भारत सरकारने 1954 साली येथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा कारखाना स्थापन केला आणि 1955 पासून तेथे पेनिसिलिन तयार होऊ लागले. सार्वजनिक क्षेत्रातील औषधनिर्मितीचा देशातील तो पहिला उद्योग. आज पिंपरी-चिंचवड म्हटले की मोटारी आणि स्कूटर आठवतात. पण या नगरीच्या औद्योगिक इतिहासाच्या पहिल्या पानांवर जखमेत पू होऊ न देणारे औषध आहे, ही गोष्ट विसरण्याजोगी नाही.

पेनिसिलिनच्या आधीचे जग कसे होते? इंग्लंडमधील ऑक्सफर्ड येथे फेब्रुवारी 1941 मध्ये अल्बर्ट अलेक्झांडर या पोलीस शिपायावर या औषधाचा प्रयोग झाला. चेहऱ्यावरील एका लहानशा जखमेतून विष भिनून त्याचा एक डोळा काढावा लागला होता. औषध देताच त्याला उतार पडू लागला. साठा इतका अपुरा होता की, त्याच्या लघवीतून औषध पुन्हा गाळून काढून त्यालाच देण्यात येत होते. पाचसहा दिवसांत तेही संपले, दुखणे उलटले आणि मार्चमध्ये तो दगावला. जखम लहान होती, हे ध्यानात ठेवावयास हवे.

पिंपरीच्या मातीचाही या कथेत वाटा आहे. हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये डॉ. तिरुमलाचार आणि त्यांचे सहकारी मातीतील सूक्ष्म जीवांचा शोध घेत होते. त्यांना सापडलेल्या एका जीवाला स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना असे पिंपरीचेच नाव देण्यात आले आणि त्याच्यापासून हॅमायसिन हे बुरशीजन्य विकारांवरील औषध निघाले. कारखान्याच्या इंग्रजी नावातील आद्याक्षरांवरून औषधाचे ते नाव पडले.

माती औषध देते, तशी ती मृत्यूही देते. 1884 साली निकोलायर या जर्मन वैद्यकाने बागेतील माती प्राण्यांना टोचून त्यांच्यात धनुर्वात उत्पन्न होतो, असे दाखवून दिले. 1889 साली कितासातो या जपानी शास्त्रज्ञाने त्या रोगाचा जंतू वेगळा काढला. हा जंतू मातीत आणि गुराढोरांच्या शेणात बीजाणूंच्या रूपाने वर्षानुवर्षे टिकून राहतो. उन्हाने तो मरत नाही, साध्या उकळण्यानेही त्याचा खात्रीने नाश होत नाही. जेथे हवा पोहोचत नाही अशा खोल, चिरडलेल्या, घाण साचलेल्या जखमेत तो वाढतो आणि त्याचे विष मज्जातंतूंत शिरते. जबडा बसतो, पाठ धनुष्यासारखी ताणली जाते. जखम झाल्यापासून लक्षणे दिसू लागेपर्यंत बहुधा तीन दिवस ते तीन आठवडे लोटतात. तोपर्यंत वरची जखम कित्येकदा भरूनही आलेली असते आणि म्हणून घरची मंडळी दोन्हींचा संबंध जोडीत नाहीत. पाला लावला, जखम सुकली, गुण आला, असेच ती सांगत राहतात.

आता दगडी पाल्याकडे पुन्हा वळू. हे झाड जमिनीशी लोळणारे आहे. त्याच्या राठ, केसाळ पानांवर धूळ बसते आणि झटकली तरी पुरती जात नाही. ज्या रस्त्यावरून गुरे जातात, ज्या गटारात वसाहतीचे सांडपाणी आणि वंगणतेल मिसळते, त्याच्या काठचे पान चुरगाळून उघड्या मांसावर बांधणे म्हणजे त्या जागेची माती जखमेत भरणे होय. पाल्याच्या अंगी जो काही गुण असेल तो असो. त्याच्यावरील मातीचा अवगुण त्याने नाहीसा होत नाही. नवजात बालकाच्या नाळेवर राख किंवा शेण लावण्याच्या जुन्या चालीने या देशात किती अर्भके गेली, हे आरोग्य खात्यातील जुन्या परिचारिका जाणतात. प्रसूतीची स्वच्छता आणि मातांचे लसीकरण यांच्या बळावर 2015 साली भारतातून माता व नवजात बालकांच्या धनुर्वाताचे निर्मूलन झाल्याचे जाहीर झाले. या ठिकाणी निर्मूलन म्हणजे प्रत्येक जिल्ह्यात हजार जिवंत जन्मांमागे एकाहून कमी रुग्ण असा अर्थ आहे. मातीतील जंतू मात्र होता तेथेच आहे.

मग आज धोका कोणाला आहे? लसीकरणाचे वेळापत्रक समोर ठेवले तर उत्तर आपोआप मिळते. बालकाला पहिल्या वर्षात तीन मात्रा, दीड वर्षाच्या सुमारास आणि पाचव्या वर्षी पूरक मात्रा, त्यानंतर दहाव्या आणि सोळाव्या वर्षी मात्रा असा क्रम आहे. 2019 पासून या शेवटच्या मात्रांसाठी धनुर्वात आणि घटसर्प यांची संयुक्त लस वापरली जाऊ लागली. स्त्रियांना पुढे गरोदरपणी पुन्हा लस मिळते. पुरुषांना सोळाव्या वर्षानंतर ठरलेली अशी एकही मात्रा नाही. लसीचा प्रभाव टिकण्यासाठी दर दहा वर्षांनी एक मात्रा घ्यावी असे वैद्यक सांगते. परंतु ती घेण्याची आठवण कोणी करून देत नाही. मराठवाड्यातून, विदर्भातून, उत्तर प्रदेश-बिहारमधून चाकणच्या वसाहतीत आलेला तिशी-पस्तिशीचा कामगार डोळ्यांसमोर आणावा. लहानपणी त्याला किती मात्रा मिळाल्या, हे त्याला सांगता येत नाही. सोळाव्या वर्षी तो शाळेत होता की नाही, हेही अनिश्चित. आणि रोजच्या कामात हाताला जखम होण्याचा संभव सर्वांत जास्त त्यालाच.

या पट्ट्यातील जखमा शेतातल्या जखमांसारख्या नसतात, हाही मुद्दा महत्त्वाचा आहे. खुरप्याचा काप उघडा असतो, त्यातून रक्त वाहते आणि घाण काही अंशी बाहेर येते. लेथवरून उडालेली लोखंडाची तापलेली चिप मात्र कातडीत रुतून बसते. पत्र्याच्या धारेने बोट हाडापर्यंत कापले जाते, तरी कडा इतक्या सरळ मिळतात की, जखम वरवरची वाटते. मशीनवरील थंडावा देणारे तेलकट पाणी जखमेत शिरलेले असते. सर्वांत फसवी जखम ही उच्च दाबाच्या तेलाची. द्रवदाबावर चालणाऱ्या प्रेसच्या नळीला बारीक छिद्र पडून तेलाची धार बोटात घुसली, तर वर केवळ सुईने टोचल्यासारखी खूण दिसते. पहिला तासभर दुखतही नाही. आत मात्र तेल बोटाच्या पोकळीतून तळव्यापर्यंत पसरलेले असते. अशा माणसाला तत्काळ शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात न्यावे लागते. काही तासांचा उशीर बोट गमावण्यास पुरतो. येथे पाला लावून घरी जाणारा मनुष्य पाल्यामुळे नव्हे, तर गेलेल्या वेळेमुळे अपंग होतो. घरगुती उपचाराचा खरा धोका अनेकदा औषधात नसतोच. औषध केल्याच्या समाधानात असतो.

1948 च्या कारखाना अधिनियमाने दर दीडशे कामगारांमागे एक प्रथमोपचार पेटी आणि ती हाताळण्यासाठी शिकवलेला मनुष्य असावा, असा दंडक घातला होता. मोठ्या कारखान्यांत या गोष्टी अंगवळणी पडल्या. पाचसात माणसांवर चालणाऱ्या शेडमध्ये, भंगार निवडणाऱ्यांच्या वस्तीत, बांधकामावरच्या पालांत मात्र पेटी कोठली? तेथे हाताशी येते ते लावले जाते. हळद, तंबाखू, चुना, विडीची राख, यंत्राचे ग्रीससुद्धा. या मंडळींना नावे ठेवण्यात अर्थ नाही. ज्याचा रोजगार अर्ध्या दिवसाच्या गैरहजेरीने बुडतो, तो भिंतीलगतच्या पाल्याकडे वळतो, यात नवल कसले? किंबहुना, या सगळ्या पदार्थांत दगडी पाला हाच त्यातल्या त्यात बरा म्हणावा लागेल.

तर मग दगडी पाला वापरावा की नाही? शाळकरी मुलाच्या गुडघ्याला खरचटले, कातडीचा वरचा पापुद्रा तेवढा गेला, तर भीती बाळगण्याचे कारण नाही. परंतु क्रम बदलला पाहिजे. प्रथम हात धुवावेत. मग जखम नळाच्या वाहत्या पिण्याच्या पाण्याखाली धरून साबणाने भोवतालची माती पुरती काढावी. रक्त येत असेल, तर स्वच्छ फडक्याने दहा मिनिटे न उचलता दाबून धरावे. मिनिटामिनिटाला उचलून पाहिल्याने रक्त थांबत नाही. एवढ्यावरच बहुतेक खरचटे बरे होतात. ज्यांना पाल्याचा रस लावल्याशिवाय चैन पडत नाही, त्यांनी तो घरच्या कुंडीतला किंवा परसातला, रस्ता, गटार आणि गोठा यांपासून दूर वाढलेला घ्यावा, दोनतीनदा धुवावा आणि थेंबभर रस लावून मोकळा सोडावा. चोथा बांधू नये. पोटात घेऊ नये. कारखान्याच्या आवारातील किंवा भंगारमालाच्या जागेवरील झाड तर मुळीच घेऊ नये. अशा जमिनीत धातूंचे अंश आणि तेल मुरलेले असते आणि पाने धुण्याने झाडाच्या आत गेलेले निघत नाही.

पाला ओळखण्याचीही एक अडचण आहे. याच कुळातील आणखी एक अमेरिकन पाहुणा 1950 च्या दशकाच्या मध्यास पुण्यातच प्रथम नोंदला गेला. तो म्हणजे गाजर गवत. भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचे आर. एस. राव यांनी 1956 साली त्याची नोंद प्रसिद्ध केली. आज दोन्ही तणे एकाच उकिरड्यावर शेजारी नांदतात. गाजर गवताची पाने गाजराच्या पाल्यासारखी बारीक चिरलेली, झाड ताठ उभे आणि फुले पांढरी, बारीक, झुबक्यांनी येणारी. त्याच्या स्पर्शाने पुष्कळांच्या कातडीला खाज सुटून इसबासारखा विकार जडतो. फुले नसताना घाईत चुकीची पाने खुडली गेली तर उपचाराचा अपकार होतो. ज्यांना गाजर गवताचा त्रास आहे, त्यांना एकाच कुळामुळे दगडी पाल्याचाही त्रास होऊ शकतो. शिक्षकांनी मुलांना ही दोन झाडे शेजारी ठेवून दाखविली, तर वनस्पतिशास्त्राचा एक तास सत्कारणी लागेल.

काही ठिकाणी मात्र पाल्याला मज्जावच असला पाहिजे. खोल काप, टोचलेला खिळा, चिरडलेले बोट, भाजलेली जागा, डोळ्याजवळची जखम आणि नवजात बालकाची नाळ ही ती ठिकाणे. मधुमेह असणाऱ्याच्या पायावरील जखम तर विशेष जपावी. तेथे वेदनाच कमी जाणवते, त्यामुळे आठवडाभर पाला लावण्यात जातो आणि मग पायाची बोटे वाचवणे डॉक्टरांच्या हाती उरत नाही. कुत्र्याच्या चाव्यावर पाला, चुना, मिरची काहीही न लावता साबण आणि वाहते पाणी यांनी पंधरा मिनिटे धुऊन त्याच दिवशी लसीसाठी जावे. पिसाळ एकदा अंगात भिनली की तिच्यावर उपाय नाही.

धनुर्वाताच्या लसीबाबत एक समजूत अशी आहे की, चोवीस तास उलटले म्हणजे तिचा उपयोग नाही. हे खरे नव्हे. जितक्या लवकर तितके चांगले, हे उघड आहे. पण उशीर झाला म्हणून जाणेच टाळू नये. याच्या उलट दुसरी समजूत, सुई घेतली की जखम धुण्याची गरज नाही, ही तितकीच घातक. घाण असलेल्या जखमेच्या बाबतीत शेवटच्या मात्रेला पाच वर्षे होऊन गेली असतील, तर पुन्हा एक मात्रा घ्यावी लागते; पूर्वी पुरेशा मात्रा मिळाल्या की नाही हेच ठाऊक नसेल, तर लसीच्या जोडीला तयार प्रतिद्रव्याची सुईही लागते. म्हणूनच कोणत्या वर्षी लस घेतली, हे लिहून ठेवण्याला महत्त्व आहे.

या पट्ट्यातील ग्रामपंचायतींना हे काम अवघड नाही. कामगारांना खोल्या भाड्याने देणारी घरे गावातच असतात आणि घरमालक ग्रामसभेला येतात. नव्या भाडेकरूची नोंद करताना शेवटच्या लसीचे वर्ष विचारून लिहिण्याची पद्धत पाडता येईल. ज्यांना वर्ष सांगता येत नाही, त्यांची यादी प्राथमिक आरोग्य केंद्राकडे दिल्यास केंद्राला सुटीच्या दिवशी वसाहतीत लसीकरण ठेवता येईल. वसाहतीची साप्ताहिक सुटी पुष्कळ ठिकाणी रविवारी नसते, विजेच्या वेळापत्रकाप्रमाणे ती वेगवेगळ्या वारी पडते. ती तारीख ठरविताना विचारात घ्यावी, नाहीतर परिचारिका येतील आणि खोल्यांना कुलपे असतील. शाळेत, पंचायतीच्या कार्यालयात आणि लहान शेड असलेल्या गल्लीत एक प्रथमोपचार पेटी असावी. तिच्यात साबणाची वडी, जंतुविरहित पट्ट्या, कापूस, चिकटपट्टी, कात्री आणि रबरी हातमोजे असले तरी पुरे. पेटीला कुलूप लावू नये. तिच्या झाकणाच्या आतल्या बाजूला जवळच्या आरोग्य केंद्राचा पत्ता, तेथे लस मिळण्याचे वार आणि रुग्णवाहिकेचा 108 हा क्रमांक मोठ्या अक्षरांत, मराठीत आणि हिंदीतही, लिहून चिकटवावा.